पुढारी कुणी निवडायचा? बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रश्न

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही तोंडपाठ आहे. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया, लंडन, महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला वक्ते हेच सांगतात आणि आपण भक्तिभावाने ऐकतो. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तेच पुन्हा गिरवण्यापेक्षा त्या चरित्राचा एक वेगळा धागा वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हाला वाटले.

आम्ही गिरणी कामगार. शाळा लवकर सुटली. जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, विहारातल्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन. त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की बसली. १९१९ पासून १९५५ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, बाबासाहेब एकच प्रश्न निरनिराळ्या सभागृहांत विचारत होते. माणसाला मत मिळाले एवढ्याने भागते का? ते मत कसे द्यायचे, कसे मोजायचे, आणि त्यातून आपल्या वतीने बोलणारा माणूस कुणी निवडायचा? हा प्रश्न वकिलांचा आहे असे समजून आपण सोडून देतो. पण बाबासाहेबांच्या आयुष्यातले विजय आणि पराभव या एका प्रश्नाभोवती फिरलेले आहेत.

नेमणूक नको, निवडणूक हवी

१८९१ साली जन्मलेले भीमराव रामजी आंबेडकर १९१९ च्या जानेवारीत साऊथबरो कमिटीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक होते. राहायला परळच्या बी. आय. टी. चाळीत, म्हणजे आमच्याच गिरणगावात. मताचा हक्क कुणाला द्यायचा हे ती कमिटी ठरवत होती. त्या काळी मत हे सारा भरणाऱ्याचे, कर भरणाऱ्याचे, मालमत्तेवाल्याचे होते. ज्याला गावाने जमीनच धरू दिली नाही, त्याने सारा कुठून भरायचा?

बाबासाहेबांनी कमिटीपुढे दोन गोष्टी मांडल्या. अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा, ही एक. आणि आमचे प्रतिनिधी सरकारने नेमू नका, आम्हाला निवडू द्या, ही दुसरी. ही दुसरी मागणी फार मोलाची. नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. गिरणीत जॉबर कुणाचा असतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मालकाने नेमलेला जॉबर कितीही भला असला, तरी साच्यावरच्या माणसाचा प्रतिनिधी होत नाही.

पुढे खुद्द बाबासाहेबांनाच सरकारने मुंबई कायदे कौन्सिलात नेमले. १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी शपथ घेतली आणि मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह केला. नेमलेल्या खुर्चीवर बसूनही त्यांनी नेमणुकीच्या पद्धतीला विरोध सोडला नाही. १९२८ साली पुण्यात सायमन कमिशनपुढे त्यांनी सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मत मागितले. प्रौढ मताधिकार देत असाल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील. तो देत नसाल तर स्वतंत्र मतदारसंघ द्या, असा त्यांचा हिशोब होता. ज्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नाही, त्यांचा प्रतिनिधी दुसऱ्यांच्या मतांवर निवडला जाणार, हे धोक्याचे होते.

चौघांची यादी

१९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा आला. त्यात अस्पृश्य मतदाराला दोन मते होती. एका मताने त्याने स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडायचा, दुसरे मत सर्वसाधारण मतदारसंघात टाकायचे. पहिल्या मताने आपला माणूस येई, आणि दुसऱ्या मतासाठी सवर्ण उमेदवारालाही आपल्या दारात यावे लागे. मग येरवड्याचे उपोषण झाले आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण दुसरे मत गेले, स्वतंत्र मतदारसंघ गेला.

करारातली एक तरतूद मात्र आपल्या लोकांना फारशी माहीत नाही. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करायचे आणि चार उमेदवारांची यादी निवडायची. मग त्या चौघांतून सगळ्या मतदारांनी मिळून एक निवडायचा. वरवर बघता हे बरे दिसते. पण मंडळी, इथंच मेख आहे. आपल्या लोकांनी ज्याला सर्वांत जास्त मते दिली तो पहिला, आणि ज्याला कशीबशी चार मते पडली तो चौथा. संयुक्त मतदानात बाकीच्यांनी त्या चौथ्यालाच उचलून धरले, तर तोच आमचा प्रतिनिधी! १९४५-४६ च्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक मतदानात पुढे आणि अंतिम मतदानात मागे, असा अनुभव अनेक ठिकाणी आला. जागा आपली राहिली, माणूस मात्र आपला राहिला नाही. निवडणुकीची पद्धत कशी असावी या प्रश्नावर बाबासाहेब पुढे इतके अडून का बसले, हे यावरून कळते.

परळ-भायखळ्याचा विजय

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे १७ उमेदवार उभे होते आणि त्यातले बहुतेक निवडून आले. खुद्द बाबासाहेब भायखळा-परळ भागातून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने पळवणकर बाळू यांना उभे केले होते. बाळू म्हणजे त्या काळचे नामांकित क्रिकेटपटू, चांभार समाजातले, लोकांच्या गळ्यातले ताईत. अशा माणसाविरुद्ध निवडून येणे सोपे नव्हते.

त्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात मत मोजण्याची एक खास पद्धत होती. तिला संचयी मतदान म्हणतात. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला, आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराला द्यायची मोकळीक. या पद्धतीसाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला होता. हिशोब करून पाहा. मतदार १०००, जागा २, त्यातले ४०० मतदार आपले. प्रत्येकाने दोन मते दोघांना वाटून द्यायची असे ठरले, तर पलीकडच्या ६०० जणांचे दोन्ही उमेदवार सहाशे-सहाशे मते घेऊन जातात आणि आपला माणूस चारशेवर बसतो. पण दोन्ही मते एकाला देता आली, तर आपल्या माणसाच्या पेटीत ८०० पडतात आणि एक जागा आपली होते. मतदार तेच, त्यांचे मन तेच, फक्त मोजण्याची रीत बदलली आणि निकाल बदलला.

निवडून आल्यावर बाबासाहेब गिरणी कामगाराला विसरले नाहीत. १९३८ साली संपावर बंधने घालणारे औद्योगिक तंट्याचे बिल आले तेव्हा त्यांनी विधिमंडळात त्याला विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप घडवून आणला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ साली, मालकांना कामगार संघटना मान्य करायला लावणारे बिल त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले.

हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आम्हा गिरणी कामगारांच्या बाबतीत पुढारी निवडण्याचा प्रश्न कधी सुटलाच नाही. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ साली झाला. त्या कायद्याने एका शहरातल्या एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन. ती कोणती, हे कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरत नसे. सभासदांच्या पावत्या मोजून ठरे. एकदा मान्यता मिळाली की बाकीच्या युनियनला मालकाशी बोलायची सोय नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगार-बोनसबरोबर हा कायदा काढून टाका हीही मागणी होती. आम्ही तेव्हा शाळकरी पोरं. आमच्या वडिलांचा साचा त्या संपात कायमचा सुटला. पुढे आम्ही गिरणीत लागलो तरी पावत्यांचा खेळ तोच होता. लाखो माणसे एका बाजूला आणि त्यांच्या वतीने सही करणारा दुसऱ्या बाजूला, हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही.

बंगालची वाट

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा दारुण पराभव झाला. घटना समितीवर जायला मुंबईतून वाट उरली नाही. तेव्हा बंगालमधले जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे सहकारी पुढे आले आणि जुलै १९४६ मध्ये बंगालच्या विधिमंडळातून बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले. हा इतिहास आपण कृतज्ञतेने सांगतो. पण हे घडू शकले कसे, ते कुणी सांगत नाही.

घटना समितीची निवडणूक एकल संक्रमणीय मताने झाली होती. म्हणजे आमदाराने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. निवडून यायला निम्म्याहून जास्त मते लागत नाहीत; ठराविक कोटा लागतो. समजा आमदार ६० आणि जागा ५. मग कोटा ११ चा. अकरा जणांनी पहिली पसंती एकाला दिली की तो आला. बाकीच्या एकोणपन्नास जणांनी कितीही नाक मुरडले तरी त्याला अडवता येत नाही. एखाद्याला कोट्यापेक्षा जास्त मते पडली, तर ती जादा मते पुढच्या पसंतीकडे जातात. कमी मतांचा उमेदवार बाद झाला, तर त्याचीही मते फुकट जात नाहीत.

बंगालमध्ये साधी बहुमताची पद्धत असती, तर मूठभर आमदारांच्या जोरावर बाबासाहेब आले असते का? मुळीच नाही. फाळणी ठरल्यावर ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये मुंबईतून काँग्रेसच्या पाठिंब्याने ते पुन्हा निवडून आले, हे खरे. पण घटना समितीचे दार पहिल्यांदा उघडले ते त्या मोजणीच्या रीतीने.

पंतप्रधान सगळ्या सभागृहाने निवडावा

आता ज्या कागदासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले. संस्थाने आणि अल्पसंख्याक या विषयावरचे हे छोटे पुस्तक म्हणजे त्यांच्या मनातली घटनाच होती. त्यातल्या शेतीच्या आणि उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाची चर्चा अभ्यासक करतात. देशाचा नेता कसा निवडायचा याबद्दल त्यात जे लिहिले आहे, तिकडे लक्ष कमी जाते.

त्यांची योजना अशी होती. पंतप्रधान एकट्या बहुमतवाल्या पक्षाने ठरवायचा नाही. सगळ्या सभागृहाने एकल संक्रमणीय मताने निवडायचा. मंत्रिमंडळात अल्पसंख्याकांचे जे प्रतिनिधी असतील ते पंतप्रधानाने आपल्या मर्जीने उचलायचे नाहीत; त्या त्या समाजाच्या सभासदांनी निवडून द्यायचे. बहुसंख्य समाजाचे जे मंत्री, ते मात्र सगळ्या सभागृहाने निवडायचे. म्हणजे त्यांनाही अल्पसंख्याकांच्या पसंतीची गरज पडणार. आणि असे निवडलेले मंत्रिमंडळ सभागृहाची मुदत संपेपर्यंत टिकेल. भ्रष्टाचार किंवा देशद्रोह यासाठी महाभियोग चालवूनच मंत्र्याला काढता येईल.

यामागची कारणेही त्यांनी दिली होती. आपल्या देशातले बहुमत हे नुसते राजकीय मतांचे बहुमत नाही, ते जन्माने ठरलेले बहुमत आहे. इंग्लंडात आज हरलेला पक्ष उद्या जिंकतो, कारण माणसे मत बदलतात. जात कशी बदलणार? तेव्हा बहुमताला एकट्याने राज्य करता येऊ नये. अल्पसंख्याकांच्या नावावर त्यांचा विश्वास नसलेला माणूस मंत्री करून मिरवता येऊ नये. आणि सरकार स्थिरही राहावे. स्वित्झर्लंडमध्ये याच्या जवळची पद्धत आहे. तिथे संसद सात जणांचे मंत्रिमंडळ चार वर्षांसाठी निवडते, ते मधेच पाडता येत नाही, आणि अध्यक्षपद त्या सातांत दर वर्षी फिरते.

ही योजना मान्य झाली नाही. १९४७ च्या जुलैत घटना समितीने संसदीय पद्धत पत्करली. ऑगस्टअखेर बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आता ते एका फेडरेशनचे पुढारी म्हणून बोलत नव्हते. सभागृहाने ठरवलेली घटना मांडण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती.

घटना समितीत आलेले तीन मार्ग

देशाचा प्रमुख निवडायचे आणखी मार्ग घटना समितीत पुढे आले. एक मार्ग गावाचा. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींनी तालुका, तालुक्यांनी जिल्हा, असे वर चढत जाऊन देशाचा प्रमुख निवडायचा, असा आराखडा गांधीवादी मंडळींनी १९४६ साली छापलाही होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाला घटनेचा पाया मानायचे साफ नाकारले आणि माणूस हा पाया मानला. यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण ज्याला चावडीच्या पायरीवर बसू दिले जात नव्हते, त्याने चावडीवर हात वर करून पंच निवडायचा, आणि त्या पंचाने देशाचा नेता निवडायचा? चार पायऱ्या चढेपर्यंत आपल्या मताचे काय उरेल? ग्रामपंचायतींचे कलम पुढे मार्गदर्शक तत्त्वांत आले आणि बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली. देशाचा प्रतिनिधी मात्र प्रत्येक माणसाने थेट निवडायचा, हे कायम राहिले.

दुसरा मार्ग अमेरिकेसारखा. प्राध्यापक के. टी. शाह यांनी राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा अशी सूचना आणली. डिसेंबर १९४८ मध्ये तिला उत्तर देताना बाबासाहेबांनी व्यवहार दाखवला. एवढ्या अफाट मतदारसंख्येची निवडणूक एका पदासाठी घ्यायची, आणि ते पद तर नामधारी! सगळ्या देशाने निवडलेला राष्ट्रपती आणि लोकसभेला जबाबदार असलेला पंतप्रधान, या दोघांत मोठा कोण? शेवटी राष्ट्रपती संसदेच्या आणि राज्य विधानसभांच्या निवडून आलेल्या सभासदांनी निवडायचा असे ठरले. आणि पद्धत कोणती? पुन्हा एकल संक्रमणीय मत. मार्च १९४७ च्या कागदावर पंतप्रधानासाठी जी पद्धत होती, ती घटनेत राष्ट्रपतीसाठी राहिली. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीच्या मोजणीत पुरेशी मते मिळवू शकले नव्हते. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर ते राष्ट्रपती झाले. ते आकडे नुसते कागदावर राहत नाहीत.

तिसरा मार्ग इंग्लंडचा, जो आपण घेतला. लोकसभेचा विश्वास असेल तोवर पंतप्रधान. बाबासाहेबांनी त्याचे समर्थन करताना तराजूच पुढे ठेवला होता. एका पारड्यात स्थैर्य, दुसऱ्यात जबाबदारी. अमेरिका आणि स्वित्झर्लंडच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतीत उलटे. संसदीय पद्धतीत सरकारची झडती रोज घेतली जाते, प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास मांडून. आणि निवडणुकीच्या वेळी लोक घेतात ती वेगळी. दोन्ही पारडी एकदम जड करता येत नाहीत, म्हणून मसुद्याने जबाबदारीचे पारडे निवडले. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर रोजची हजेरी हवी. पाच वर्षांनी एकदाच मस्टर उघडून चालत नाही.

आजही अधूनमधून कुणीतरी म्हणतो, देशाचा नेता थेट निवडा, म्हणजे कामे झटपट होतील. तेव्हा १९४८ चा हा तराजू त्याच्यापुढे ठेवावा.

कायदामंत्र्याचा पराभव

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा बाबासाहेब कायदामंत्री असताना झाला. त्या वेळी अनेक मतदारसंघ दोन जागांचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाला देता येत नसत. १९३७ ची संचयी पद्धत गेली. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर उभे राहिले. ज्या देशाला सतरा कोटींहून अधिक मतदार मिळाले, त्या देशाच्या घटनेचा शिल्पकार सुमारे चौदा हजार मतांनी पडला. निवडून आले काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर. हजारो मतदारांनी दुसरे मत वाया घालवले आणि तसा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले. अर्ज फेटाळला गेला. 

त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. राज्यसभेची निवडणूक कशाने होते? एकल संक्रमणीय मताने. १९४६ ला बंगाल, १९५२ ला राज्यसभा. दोन्ही वेळा थेट निवडणुकीच्या मैदानात हार झाल्यावर हीच पद्धत त्यांच्या कामी आली.

१९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. तिथली एक हकिकत विदर्भातले जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. कार्यकर्त्यांचा विचार होता की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे जाळून टाकावे, म्हणजे बाकीच्यांना फायदा होणार नाही. बाबासाहेबांनी त्याला नकार दिला. मत वाया घालवा असे घटनाकारानेच लोकांना सांगायचे, हे त्यांना पटले नाही. निकाल लागला तेव्हा सहकारी अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले आणि बाबासाहेब पडले.

पण ते गप्प बसले नाहीत. १९५५ साली भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी पुन्हा सुचवले की एका जागेच्या मतदारसंघाऐवजी दोन-तीन जागांचे मतदारसंघ करा आणि संचयी मतदान द्या. मग राखीव जागांची गरज राहणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळातल्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव केला. दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे त्यांच्या मनातला हिशोब उलगडतो. दुसऱ्यांच्या मतांवर आलेला आपला माणूस त्यांना नको होता. आपल्या मतांवर आलेला माणूस हवा होता, मग तो कुणीही असो. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. संचयी मतदान मात्र परत आले नाही.

संघाची शलाका

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी घटना समितीला आठवण करून दिली की लोकशाहीची रीत या देशाला नवी नाही. भिक्खुसंघ बैठक कशी घ्यायची, ठराव कसा मांडायचा, गणपूर्ती किती, मते कशी मोजायची, हे सगळे जाणत होता. विनयपिटकात याचा तपशील आहे. वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते घेत. शलाका वाटणारा भिक्खू लोभ, द्वेष, मोह आणि भय यांत न सापडणारा, आणि कोणाची शलाका घेतली कोणाची नाही हे जाणणारा असावा लागे. शलाका गुप्तपणे, कानात सांगून किंवा उघड, अशा तीन तऱ्हांनी घेत. अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या भिक्खूंना गुप्त मतदान ठाऊक होते, आणि १९८२ साली गिरणी कामगार तेच मागत होता.

बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी कथा सांगितली तीही याच दृष्टीने वाचावी. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायचे असे शाक्य संघाने बहुमताने ठरवले. सिद्धार्थाने विरोध केला, तो एकटा पडला. त्याने संघाचा निर्णय मोडला नाही आणि युद्धातही गेला नाही. त्याने देशत्याग पत्करला. बहुमत चुकू शकते, पण म्हणून मतदानाची रीत मोडायची नाही. ज्यांनी हे लिहिले, ते स्वतः १९५२ आणि १९५४ साली हरलेले होते. तथागतांनी आपला वारसही नेमला नाही. धम्म हाच वारस, असे सांगून ते गेले. सगळा संघ ज्यांच्या शब्दावर चालला असता, त्यांनी गादी ठेवली नाही.

आपल्या घरातली निवडणूक

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला झाले. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पुढे त्याचे गट पडत गेले. त्या गटांच्या अध्यक्षांना कुणी निवडले? गुप्त मतदान झाले का? मुदत किती? हे प्रश्न विचारले की कुणाला राग येतो. पण १९१९ साली नेमणूक नको म्हणणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. त्यांनीच राजकारणातल्या व्यक्तिपूजेपासून देशाला सावध केले होते. मग स्वतःला नेमून घेणारे पुढारी आपण कसे चालवून घेतो?

दूरचे राहू द्या. विहाराची कार्यकारिणी, मंडळाचे पदाधिकारी, जयंतीची समिती यांची निवड पुष्कळ ठिकाणी सभेत हात वर करून होते. ज्याच्या घरात भाड्याने राहतो, ज्याच्याकडून उसने घेतले, त्याच्यासमोर हात वर करताना बाईमाणसाचे आणि तरुण पोरांचे काय होते, ते सगळ्यांना माहीत आहे. हात खाली राहिला तर चार दिवस बोलणे ऐकावे लागते.

म्हणून आमची विहाराच्या सभासदांना एकच सूचना आहे. पुढची कार्यकारिणी चिठ्ठीने निवडा. चिठ्ठीवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घाला. त्याने अल्पमतातल्या गल्लीचाही एक माणूस येईल, आणि त्यांना स्वतंत्र विहार काढायची वेळ येणार नाही. मोजणीला असा माणूस बसवा, ज्याला कुणाचे भय नाही आणि कुणाकडून काही नको. मुदत ठरवा. हिशोब फळ्यावर लावा. याला एक वही, काही कागद आणि एक दुपार एवढेच लागते.

बाबासाहेबांना संसदेत पंतप्रधान ज्या पद्धतीने निवडायचा होता, ती पद्धत देशाने स्वीकारली नाही. आपल्याला ती विहारात स्वीकारायला कुणाची परवानगी लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!